स्थिर प्रवाहाची दोनशे वर्षे

१८२६ च्या जानेवारीत जर्मनीतल्या कोलोन शहरात, जेझुइट विद्यालयात गणित आणि पदार्थविज्ञान शिकवणारे गेओर्ग सिमोन ओम एका अडचणीतून वाट काढत होते. तारेची लांबी बदलली की तिच्यातून जाणारा विद्युतप्रवाह किती बदलतो, एवढेच त्यांना मोजायचे होते. पण ज्याच्यात फरक मोजायचा तो प्रवाहच जागेवर राहत नव्हता. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी २० मार्च १८०० रोजी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहून आपली चळत जगापुढे ठेवली होती. जस्ताची चकती, चांदीची चकती, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, आणि त्यावर पुन्हा तेच. प्रवाह निर्माण करण्याचे हे पहिलेच साधन, पण तार जोडताच ते उसळून वाहू लागे आणि धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे जमू लागले की मंदावत जाई. अशा प्रवाहाच्या आधाराने ओम यांनी १८२५ मध्ये लिहिलेल्या पहिल्या निबंधातले सूत्र चुकीचे ठरले. त्यांचे निबंध ज्या नियतकालिकात छापून येत, त्याचे संपादक योहान पोगेनडॉर्फ यांनी त्यांना सल्ला दिला की रासायनिक चळत सोडा, थॉमस सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवलेला उष्णताजन्य प्रवाह वापरून पाहा. ओम यांनी बिस्मथची कांडी घेतली, तिच्या दोन्ही टोकांना तांबे जोडले, एक टोक उकळत्या पाण्यात धरले आणि दुसरे वितळत्या बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर दोन टोकांच्या तापमानातले अंतर हलत नाही, आणि म्हणून प्रवाहामागचा जोरही हलत नाही. पुढच्या वर्षी बर्लिनला छापलेल्या ग्रंथातला ओमचा नियम या मोजमापांतून उभा राहिला.

हा नियम शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतो. तो ज्या साधनामुळे हाती लागला, ते साधन मात्र पाठ्यपुस्तकातून निसटले आहे. आज नखाहून लहान सिलिकॉनच्या चिपमध्ये एखादी संख्या लिहावी आणि चिपने नेमके तितके मायक्रोअँपिअर बाहेर सोडावेत, थंडीत किंवा उन्हात, बॅटरी भरलेली असो वा उतरत आलेली, ही गोष्ट आपण गृहीत धरतो. त्या चिपची वंशावळ शोधत मागे गेलो तर बिस्मथच्या त्या कांडीपाशी आपण पोहोचतो, आणि तिथेच या घराण्याचा स्वभावही दिसतो. प्रवाहाला अस्थिर करणारी सर्वांत मोठी शक्ती म्हणजे उष्णता, आणि त्याला स्थिर करण्याचे सर्वांत हुशार उपायही उष्णतेलाच हाताशी धरून निघाले. पुढची दोनशे वर्षे हे वैर आणि ही मैत्री बरोबरीने चालत आली आहेत.

ओमनंतरची पन्नास-साठ वर्षे आपण भराभर ओलांडू. १८३६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या जॉन फ्रेडरिक डॅनिअल यांनी तांबे आणि जस्त दोन वेगळ्या द्रावणांत ठेवून बुडबुड्यांचा प्रश्न सोडवला, आणि तारायंत्राला भरवशाचा घट मिळाला. १८४३ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी रिओस्टॅटचे वर्णन प्रसिद्ध केले. हाताने फिरवून रोध कमीजास्त करायचा आणि प्रवाह हवा तिथे आणून ठेवायचा. माणसाने सांगावे आणि प्रवाहाने ऐकावे, या व्यवहाराची सुरुवात मी तिथे मानतो. १८८१ च्या पॅरिस परिषदेने प्रवाहाच्या एककाला अँपिअरचे नाव दिले, आणि १८९३ च्या शिकागो परिषदेने त्याला तराजूत घातले. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून जो प्रवाह सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी साचवतो, तो एक अँपिअर. म्हणजे प्रवाह मोजायचा तर साचलेले चांदीचे अणू तोलायचे.

या तराजूच्या व्याख्येत एक अडचण लपलेली होती, आणि ती पुढे चिपच्या पोटापर्यंत आली. विद्युतदाब घटात कोंडून ठेवता येतो. मूळचे इंग्लंडचे आणि अमेरिकेत न्यूअर्कला स्थायिक झालेले एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ मध्ये कॅडमियम आणि पाऱ्याचा जो घट बनवला, तो २० अंश सेल्सिअसला १.०१८३ व्होल्ट देई आणि वर्षानुवर्षे देत राही. रोधही वेटोळ्यात कोंडून ठेवता येतो. त्याच वेस्टन यांनी तांबे, मँगनीज आणि निकेल यांचा मँगॅनिन नावाचा मिश्रधातू शोधला होता, ज्याचा रोध तापमानाने जवळजवळ बदलत नाही. पण प्रवाह कपाटात ठेवता येत नाही. तो वाहत असतो तेवढाच असतो. मापनशाळांनी त्यामुळे प्रवाह सांभाळायचा नाद सोडला. त्यांनी वेस्टनचा घट आणि मँगॅनिनचे वेटोळे सांभाळले आणि गरज पडेल तेव्हा एकाला दुसऱ्याने भागून प्रवाह निर्माण केला. स्थिर प्रवाह म्हणजे स्थिर दाब भागिले स्थिर रोध, हे समीकरण तिथे रुजले, आणि त्याच्या कचाट्यातून सुटायला अभियंत्यांना फार काळ लागला.

दरम्यान एक विसरलेला पूर्वज भेटतो, ज्याच्याविषयी मला विशेष जिव्हाळा आहे. १८९७ च्या सुमारास गटिंगनमध्ये वाल्टर नेर्न्स्ट यांनी एक दिवा बनवला. त्यात धातूच्या तारेऐवजी झिर्कोनियम आणि इट्रियम यांच्या ऑक्साइडची बारीक कांडी होती. तिचा उजेड सुरेख पडे, पण तिचा स्वभाव उलटा होता. ती तापली की तिचा रोध घटे, रोध घटला की प्रवाह वाढे, प्रवाह वाढला की ती आणखी तापे, आणि आवर घातला नाही तर जळून जाई. नेर्न्स्ट यांनी तिच्याबरोबर हायड्रोजन भरलेल्या काचेच्या नळीत लोखंडाची पातळ तार जोडली. लोखंड लाल होण्याच्या बेतात आले की त्याचा रोध झपाट्याने चढतो. त्यामुळे दाब बराच वरखाली झाला तरी तार स्वतःच गरम किंवा थंड होऊन प्रवाहाला जवळपास एका जागी धरून ठेवते. हा दिवा टंगस्टनच्या दिव्यापुढे टिकला नाही, पण ती लोखंडी तार टिकली. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या अनेक रेडिओ संचांत व्हॉल्व्हच्या तंतूंना स्थिर प्रवाह पुरवण्यासाठी ती वेगळ्या नळीत बसवलेली असे. एका वस्तूचा उष्णतेमुळे होणारा बदल दुसरीच्या उलट्या बदलाने फेडायचा, ही युक्ती इथे पहिल्यांदा इतक्या स्वच्छ रूपात दिसते. पाऊण शतकानंतर सिलिकॉनमध्ये तीच युक्ती पुन्हा सापडली.

व्हॉल्व्हच्या जमान्यातून आपल्याला दोनच गोष्टी उचलायच्या आहेत. १९२६ मध्ये फिलिप्सच्या बर्नार्ड टेलेगेन यांनी पेंटोड शोधला, ज्याच्यातून वाहणारा प्रवाह अॅनोडवरच्या दाबाची फारशी पर्वा करत नसे. तो ठरे नियंत्रक जाळीवरच्या दाबावरून. भार कसाही असो, प्रवाह तोच, हा प्रवाहस्रोताचा मुख्य गुण एका उपकरणाच्या अंगभूत स्वभावात उतरला. दुसरी गोष्ट संख्यांची. १९३८ मध्ये पॅरिसमध्ये काम करणारे इंग्रज अभियंता अॅलेक रीव्ह्ज यांनी आवाजाचे रूपांतर संख्यांत करून पाठवण्याचे पेटंट फ्रान्समध्ये दाखल केले. आवाज संख्येत गेला तर पलीकडच्या टोकाला संख्येतून परत आवाज काढणारे काहीतरी हवे. त्याचा सर्वांत सरळ मार्ग असा की १, २, ४, ८ अशा दुपटीच्या पटीत वाढत जाणारे प्रवाह तयार ठेवायचे, आणि संख्येतल्या एकेका अंकाने एकेका प्रवाहाचे दार उघडायचे किंवा बंद करायचे. उघडलेल्या दारांतून आलेले प्रवाह एका सांध्यावर आणून सोडले की त्यांची बेरीज आपोआप होते. किर्खहोफ यांनी १८४५ मध्ये मांडलेला नियमच ती करतो. दाबांची बेरीज करायला सर्किट लागते, प्रवाहांची बेरीज करायला नुसता जोड पुरतो. संख्येने चालवायचे सर्किट बहुतेक वेळा प्रवाहाच्या भाषेत रचले जाते, त्यामागे हे कारण आहे. १९५४ मध्ये बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्स्को कंपनीने ११ अंकी रूपांतरक विक्रीला आणला. व्हॉल्व्हवर चालणारे ते यंत्र सुमारे ५०० वॅट वीज खाई आणि वजनाला सुमारे ६८ किलो भरे.

१९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. १९५९ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीत जाँ हर्नी यांच्या सपाट-पृष्ठ पद्धतीने तो सिलिकॉनच्या पातळ चकतीवर छापता येऊ लागला. इथे उष्णतेचे वैर पुन्हा उफाळून येते. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर यांच्यामधला दाब सुमारे ६० मिलिव्होल्टने वाढवला की प्रवाह दसपट होतो. प्रवाह कायम ठेवायचा तर तापमान एक अंशाने चढताच तो दाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरवावा लागतो. बाहेरून मोजून मापून दाब द्यावा आणि हवा तेवढा प्रवाह मिळावा, अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. त्यातच चकतीवर छापलेले रोधक ठरलेल्या मूल्यापासून सहज २० टक्क्यांनी चुकत. वेस्टनच्या कपाटातल्या दोन्ही वस्तू, भरवशाचा दाब आणि भरवशाचा रोध, सिलिकॉनवर उपलब्ध नव्हत्या.

ही कोंडी फोडली बॉब विड्लर यांनी. १९६३ मध्ये ते फेअरचाइल्डमध्ये रुजू झाले, तेव्हा पंचविशीत होते. बहुतेक अभियंते सुट्या भागांनी बांधायचे सर्किट जसेच्या तसे चकतीवर उतरवू पाहत होते. विड्लर यांनी चकतीचा स्वभाव ओळखला. तिच्यावरचा कुठलाही एक भाग नेमका नसतो, पण शेजारी शेजारी बनलेले दोन ट्रान्झिस्टर एकाच आव्यातून निघालेल्या मडक्यांसारखे असतात. त्यांना आच सारखी लागलेली असते आणि त्यांचे दोषही सारखे असतात. मग नेमकेपणाचा आग्रह सोडून सारखेपणावर सर्किट उभे करावे. एका ट्रान्झिस्टरमधून ओळखीचा प्रवाह सोडायचा, त्यामुळे त्याच्यावर जो दाब तयार होईल तोच दाब शेजारच्या जुळ्याला द्यायचा. तापमान काहीही असो, दोघांनाही ते सारखेच असल्याने दुसऱ्यातून तितकाच प्रवाह वाहतो. दाब किती आहे हे कुणाला ठाऊक असण्याची गरजच उरत नाही. हाच करंट मिरर. आज जगात बनणाऱ्या अॅनालॉग चिपांत तो नसलेली चिप शोधून सापडणे कठीण.

विड्लर यांनी त्यात आणखी एक भर घातली, तिचे पेटंट १९६७ मध्ये मंजूर झाले. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला एक छोटा रोधक जोडायचा. त्या रोधकावर दोन ट्रान्झिस्टरांच्या दाबांतला फरक येऊन पडतो. समजा एकातून १ मिलिअँपिअर वाहतो आणि दुसऱ्यातून १० मायक्रोअँपिअर हवा आहे. प्रवाहांत शंभरपट फरक, पण दाबांत फरक जेमतेम १२० मिलिव्होल्टचा. म्हणजे १२ किलोओहमचा रोधक पुरतो. हेच १५ व्होल्टपासून सरळ भागाकाराने मिळवायचे तर सुमारे १४ लाख ओहमचा रोधक लागला असता, आणि त्याने तेव्हाच्या चकतीवर बाकी कशालाच जागा ठेवली नसती. पण या बचतीपेक्षा मोलाची गोष्ट अशी की दोन ट्रान्झिस्टरांच्या दाबांतला फरक हा दोन प्रवाहांचे गुणोत्तर आणि निरपेक्ष तापमान यांवरच अवलंबून असतो. चकती कुठल्या कारखान्यात, कुठल्या दिवशी बनली याचा त्याच्याशी संबंध नाही. डळमळीत सिलिकॉनमध्ये निसर्गाचा एक शुद्ध नियम हाती लागला होता.

त्याच १९६७ सालची एक हकीकत अॅनालॉग अभियंत्यांच्या जगात आवडीने सांगितली जाते. ऑरेगन राज्यातल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीत बॅरी गिल्बर्ट आणि जॉर्ज विल्सन या दोघांनी एकमेकांना आव्हान दिले की तीनच ट्रान्झिस्टर वापरून साध्या मिररहून सरस मिरर रात्रीतून शोधून काढायचा. विल्सन यांनी ते जिंकले. साध्या मिररमध्ये ट्रान्झिस्टरांच्या बेसमध्ये जाणारा थोडासा प्रवाह वाया जाई आणि तेवढी चूक उरे. विल्सन यांच्या रचनेत ती चूक जवळपास पूर्ण फिटते. पुढे गिल्बर्ट यांनीही याच सारखेपणातून गुणाकार-भागाकार करणारी सर्किट रचली, म्हणजे त्या रात्रीचा पराभूत स्पर्धकही साधासुधा नव्हता.

चिपच्या बाहेरही या काळात दोन गोष्टी घडल्या. एमआयटीतले ब्रॅड हाउलंड यांनी १९६२ च्या सुमारास एक ऑपरेशनल अॅम्प्लिफायर आणि जुळवलेले चार रोधक घेऊन असा स्रोत रचला की दाब द्यावा आणि त्याच्या प्रमाणात प्रवाह मिळावा, भार काहीही असो. त्यांनी पेटंट घेतले नाही. १९६४ मध्ये फिलब्रिक कंपनीच्या पत्रिकेत तो छापून आला आणि सर्वांचा झाला. दुसरी गोष्ट कारखान्यांची. पूर्वी बॉयलरचा दाब किंवा टाकीची पातळी नियंत्रण कक्षात कळवायला हवेच्या नळ्या असत, आणि त्यांतला संदेश ३ ते १५ पौंड प्रतिचौरस इंच या पट्ट्यात चाले. विजेने हवेची जागा घेतली तेव्हा संदेश ४ ते २० मिलिअँपिअरच्या प्रवाहाने जाऊ लागला. दोन्ही पट्ट्यांत वरचे टोक खालच्याच्या पाचपट आहे. हवेच्या नळीची ही खूण विजेच्या तारेतही शाबूत राहिली. तार कितीही लांब असो, तिच्या रोधाने प्रवाह बदलत नाही, आणि शून्य मोजमापही ४ मिलिअँपिअरने कळवले जात असल्याने तार तुटली तर ताबडतोब कळते. सांगली-कोल्हापूरकडचा साखर कारखाना असो की रसायनीतला रासायनिक प्रकल्प, इन्स्ट्रुमेंटेशनचा तंत्रज्ञ मीटर घेऊन जो लूप तपासतो तो हाच.

आता उष्णतेशी मैत्रीचा मोठा प्रसंग येतो. एका ट्रान्झिस्टरचा दाब तापमानाबरोबर उतरतो. दोन ट्रान्झिस्टरांच्या दाबांतला फरक तापमानाबरोबर चढतो. चढणाऱ्याला योग्य पटीने वाढवून उतरणाऱ्यात मिळवले तर बेरीज तापमानाला दाद देणार नाही. फेअरचाइल्डच्या डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये या दिशेने पहिला प्रयत्न मांडला होता. त्यांचे नाव आज फार कमी जणांच्या ओठी येते. पुढे नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये असताना विड्लर यांनी ही कल्पना विकण्याजोग्या चिपमध्ये उतरवली. १९७४ मध्ये अॅनालॉग डिव्हायसेसच्या पॉल ब्रोकॉ यांनी तिला जे देखणे रूप दिले ते अजून वापरात आहे. ती बेरीज येते सुमारे १.२ व्होल्ट, आणि हा आकडा योगायोगाचा नाही. निरपेक्ष शून्य तापमानाकडे सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनांना बंधातून सुटायला जेवढी ऊर्जा लागते, त्याचेच ते माप आहे. म्हणून त्याला बँडगॅप संदर्भ म्हणतात. वेस्टनच्या घटाला सिलिकॉनमध्ये वारस मिळाला.

दाबाला वारस मिळाला, प्रवाहाला नाही. सिलिकॉनमध्ये अमुक व्होल्ट असा निसर्गदत्त आकडा आहे, अमुक अँपिअर असा नाही. प्रवाह हवा तर त्या १.२ व्होल्टला रोधाने भागावे लागते, आणि चिपवरचा रोधक पुन्हा २० टक्के चुकणारा. स्थिर प्रवाहाचे सर्किट रचणाऱ्या प्रत्येकाची झुंज इथे होते, आणि ती अजून संपलेली नाही. काहींनी रोधक चिपबाहेर ठेवला. नॅशनलची एलएम३३४ ही तीन पायांची चिप याचे सोपे उदाहरण आहे. तिला एकच रोधक जोडायचा, आणि तो निवडून प्रवाह १ मायक्रोअँपिअर ते १० मिलिअँपिअर यांत कुठेही ठरवायचा. तिचा प्रवाह निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, सामान्य हवामानात अंशामागे सुमारे ०.३३ टक्के. हा वाढता कल नको असेल तर एक डायोड आणि आणखी एक रोधक लावून तो फेडता येतो, आणि हवा असेल तर तीच चिप तापमापक होते. ब्रोकॉ यांच्याच कंपनीच्या एडी५९० या चिपने तर या कलालाच काम बनवले. केल्विनमागे १ मायक्रोअँपिअर, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला २९८ मायक्रोअँपिअर. दुसऱ्या काहींनी चिपवर सिलिकॉन-क्रोमसारख्या धातूचा पातळ थर रोधक म्हणून चढवला आणि चालू सर्किट मोजत मोजत लेसरने त्याचा कण कण उडवून मूल्य नेमके केले.

संख्येने चालणाऱ्या प्रवाहाला मात्र केवळ स्थैर्य पुरत नव्हते, गुणोत्तरे अचूक हवी होती. १९७० च्या दशकातली डॅक-०८ ही चिप घ्या. तिला २ मिलिअँपिअरचा संदर्भ प्रवाह द्यायचा आणि ८ अंकी संख्या द्यायची. ती त्या प्रवाहाचे २५६ भाग करून संख्येइतके भाग बाहेर देते, जास्तीत जास्त १.९९२ मिलिअँपिअर. यात सर्वांत मोठा घटक सर्वांत लहानाच्या १२८ पट असतो, आणि मोठा घटक अर्धा टक्का जरी चुकला तरी लहान घटकाच्या निम्म्याहून जास्त फरक पडतो. अंक १४ किंवा १६ केले तर ही मर्यादा लाखात काही भागांवर येते. जुळे ट्रान्झिस्टर कितीही जुळे असले तरी इतके सारखे नसतात.

हॉलंडमध्ये आइंडहोव्हनच्या फिलिप्स संशोधनशाळेत रुडी व्हान डी प्लासखे यांनी १९७६ मध्ये दिलेले उत्तर मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत सुंदर वाटते. एक प्रवाह दोन भागांत वाटला, आणि एक भाग किंचित मोठा, दुसरा तितकाच लहान निघाला. तो फरक काढून टाकायच्या भानगडीत त्यांनी वेळ घालवला नाही. स्विचांच्या साहाय्याने दोन्ही भागांच्या जागा ते ठरावीक वेगाने सतत अदलाबदल करत राहिले. अर्धा वेळ या दाराला मोठा भाग मिळतो, अर्धा वेळ लहान, आणि दोन्ही दारांची सरासरी तंतोतंत निम्मी निघते. अदलाबदलीची कुरकुर कपॅसिटरने गाळून टाकायची. विड्लर यांनी नेमकेपणाची जबाबदारी सारखेपणावर टाकली होती. व्हान डी प्लासखे यांनी ती काळावर टाकली, आणि घड्याळाचा ठोका ही माणसाने सर्वांत अचूकपणे मोजायला शिकलेली गोष्ट आहे. या तत्त्वावर बनलेली टीडीए१५४० ही १४ अंकी चिप फिलिप्सच्या पहिल्या कॉम्पॅक्ट डिस्क प्लेअरमध्ये बसली. सोनीच्या आग्रहाने डिस्कवरचे अंक १६ ठरले होते, म्हणून फिलिप्सने चौपट वेगाने नमुने घेऊन ती तूट भरून काढली.

१९८९ हे वर्ष या वंशावळीत दोनदा नोंदवावे लागते. त्या वर्षी मार्सेल पेलग्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की दोन मॉस ट्रान्झिस्टरांमधली तफावत त्यांच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. तफावत निम्मी करायची तर क्षेत्रफळ चौपट. सारखेपणाचा भाव किती, हे सर्किट रचणाऱ्याला चिपच्या जागेत मोजता येऊ लागले. आणि त्याच वर्षी ख्रूनेफेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तेही फिलिप्सचेच, तो भाव चुकवण्याचा मार्ग छापला. मॉस ट्रान्झिस्टरमधून संदर्भ प्रवाह वाहू द्यायचा. त्यासाठी त्याच्या नियंत्रक टोकावर, म्हणजे गेटवर, जो दाब लागतो तो गेटच्या स्वतःच्याच कपॅसिटरमध्ये साठतो. मग संदर्भ काढून घ्यायचा. ट्रान्झिस्टर तोच प्रवाह पुढे देत राहतो, स्वतः कसाही बनलेला असला तरी. साठलेला भार हळूहळू गळतो, म्हणून गरजेपेक्षा एक घटक जास्त ठेवायचा आणि आळीपाळीने एकेकाला संदर्भापाशी नेऊन उजळणी करून आणायची. प्रवाह कपाटात ठेवता येत नाही, ही १८९३ ची अडचण इथे काही क्षणांपुरती का होईना, सुटली. ती कायमची सोडवायचा प्रयत्न तरंगत्या गेटने केला. काँग आणि झी यांनी १९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेत मांडलेला, चारी बाजूंनी ऑक्साइडने वेढलेला हा गेट भार वर्षानुवर्षे धरून ठेवतो. फ्लॅश मेमरी त्यातून जन्मली, आणि अॅनालॉग सर्किटांत प्रवाह बारकाईने जुळवून ठेवण्यासाठीही तो वापरला गेला.

त्यानंतर संख्येने चालणारा प्रवाहस्रोत मायक्रोकंट्रोलरच्या आतच राहायला आला. सायप्रस कंपनीने आणलेल्या पीसॉक-३ या चिपमध्ये असा ८ अंकी स्रोत आहे, आणि प्रोग्रॅममधल्या एका ओळीने त्याचा पट्टा बदलता येतो, संख्येच्या एका पायरीला १/८, १ किंवा ८ मायक्रोअँपिअर. पण या तंत्राचे सर्वांत हळवे काम कानात चालते. ऐकू न येणाऱ्यांच्या कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटची विद्युतअग्रे आतल्या कानाच्या शंखात, श्रवणतंतूंच्या जवळ असतात, आणि शस्त्रक्रियेनंतर भोवतालच्या ऊतींचा रोध महिनोन्महिने बदलत जातो. दाब देऊन चालणार नाही, मोजलेला प्रवाहच द्यावा लागतो, आणि एका दिशेने जितका भार गेला तितकाच उलट दिशेने परत आणावा लागतो, नाहीतर ऊतींना इजा होते. न्यूक्लिअस २४ या संचात १० पासून १७५० मायक्रोअँपिअरपर्यंत प्रवाहाच्या २५६ पायऱ्या आहेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा सुमारे २ टक्के मोठी. ऑडिओलॉजिस्ट मुलाच्या समोर बसून प्रत्येक अग्रासाठी ऐकू येण्याची आणि सहन होण्याची पायरी शोधतो आणि ती संख्या संचात लिहितो. तिथे प्रवाह दोन-चार पायऱ्यांनी जरी सरकला तरी आईचा आवाज वेगळा ऐकू येईल. विड्लर, विल्सन आणि व्हान डी प्लासखे यांच्या श्रमाचे मोल मला अशा खोलीत सर्वांत स्पष्ट दिसते.

अँपिअरची व्याख्याही या काळात फिरत राहिली. १९४८ मध्ये चांदीचा तराजू मागे पडला आणि दोन समांतर तारांमधल्या बलावरून अँपिअर ठरू लागला. २० मे २०१९ पासून तेही गेले. आता इलेक्ट्रॉनचा भार १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ कूलंब असा कायमचा निश्चित केला आहे, आणि अँपिअर म्हणजे सेकंदाला ठरावीक इलेक्ट्रॉन, सुमारे ६२४ वर १६ शून्ये इतके. ज्या चिपांत चांगला रोधक मिळत नाही, तिथे अभियंते आजही एक कपॅसिटर घड्याळाच्या ठोक्याला भरतात आणि रिकामा करतात. प्रत्येक ठोक्याला ठरलेला भार, म्हणून सेकंदाला ठरलेला प्रवाह. हीच कृती अखेरपर्यंत नेली तर प्रत्येक ठोक्याला एकच इलेक्ट्रॉन पुढे ढकलावा लागेल. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या आणि इंग्लंडात टेडिंग्टनच्या राष्ट्रीय मापनशाळांत अर्धवाहकात कोरलेले इलेक्ट्रॉन-पंप नेमके तेच करतात, निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून, कारण उष्णतेचा लहानसा धक्कादेखील एखादा इलेक्ट्रॉन चुकवू शकतो. सेकंदाला शंभर कोटी ठोके दिले तरी हाती येतो १६० पिकोअँपिअर. इतका छोटा प्रवाह पुरेसा मोठा आणि पुरेसा अचूक करून त्याची जोसेफसन परिणामातून येणाऱ्या व्होल्टशी आणि क्वांटम हॉल परिणामातून येणाऱ्या ओहमशी गाठ घालायची, आणि दाब, रोध, प्रवाह हे ओम यांचे तीन कोन क्वांटमच्या पातळीवर तंतोतंत जुळतात का हे पाहायचे, असा प्रस्ताव लिखारेव्ह आणि झोरिन यांनी १९८५ मध्ये मांडला होता. दहा लाखांत एका भागाच्या आसपास ते जुळल्याचे दिसले आहे. त्याहून शंभरपट बारीक तपासणीसाठी पंप आणखी वेगाने आणि आणखी न चुकता चालवण्याचे काम चालू आहे.